उत्तर कुठे ते आधी लिही

सुट्टी घेऊन मी नेमकं काय करते हे नातेवाइकांना फोनवर सांगून सांगून दमले, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतेय. मी मूळची वरोऱ्याची, चंद्रपूर जिल्हा. आता राहते डेन्व्हरला आणि नोकरी सॉफ्टवेअर टेस्टिंगची, जिऑलॉजीचा एक पेपरसुद्धा कधी दिलेला नाही. पण इथली बरीच म्युझियम साध्या माणसांना व्हॉलंटियर म्हणून घेतात, आधी क्लास करायचा, ठरावीक तास भरायचे आणि मग हळूहळू हातात खरं काम देतात. मी ज्यांच्यासोबत काम केलं ते एक छोटं म्युझियम आहे, त्याचं नाव लिहीत नाही. २०१८ च्या जुलैमध्ये त्यांच्या टीमबरोबर पहिल्यांदा मोंटानाला गेले आणि तेव्हा जमिनीत बघितलेलं हाड २०२३ मध्ये हॉलमध्ये उभं राहिलेलं बघितलं. मधली पाच वर्षं कशी गेली ते हे.

डेन्व्हरहून गाडीने दहा-अकरा तास उत्तरेला गेलं की मोंटानाच्या पूर्व भागात जॉर्डन नावाचं एवढंसं गाव लागतं, वस्ती साडेतीनशेच्या आसपास. त्याच्या आजूबाजूला मैलोन् मैल उजाड टेकड्या, राखाडी, पिवळट, मधेच जांभळट पट्टे, झाड औषधालाही नाही. इथल्या खडकाच्या थराला हेल क्रीक फॉर्मेशन म्हणतात. याच भागात १९०२ मध्ये बार्नम ब्राऊन या डायनोसॉर शोधणाऱ्या संशोधकांना तो सांगाडा मिळाला ज्याच्यावरून पुढे १९०५ मध्ये टायरॅनोसॉरस रेक्स हे नाव पडलं. आज कोरडं ठणठणीत आहे, पण साधारण ६.६ ते ६.८ कोटी वर्षांपूर्वी इथे नद्या होत्या, दलदल होती, दाट झाडी होती, आणि नदीत जनावर मेलं की गाळात पुरलं जायचं. आपल्याला हाड मिळतं ते त्या गाळामुळे.

लोकांना वाटतं की तिथे जायचं आणि खणायला लागायचं. तसं कोणीच खणत नाही. पहिले चार दिवस आम्ही फक्त चाललो, मान खाली घालून, टेकडीच्या पायथ्यापायथ्याने. पावसाने टेकडी झिजते, आत हाड असेल तर त्याचे तुकडे घरंगळून खाली येतात, ते दिसले की तुकड्यांच्या मागावर वर चढत जायचं. जिथे तुकडे यायचे बंद होतात तिथेच कुठेतरी उगम असतो. दगड आणि हाड यातला फरक कळायला मला दोन दिवस लागले. हाडाच्या तुटलेल्या कडेला बारीक जाळी दिसते, ब्रेडला असते तशी, आणि अगदीच शंका आली तर जुनी माणसं तुकडा जिभेला लावून बघतात, हाड असलं तर ते जिभेला चिकटतं कारण त्यात बारीक बारीक भोकं असतात. मी पण लावून बघितला. चिकटला! त्या क्षणी अंगावर काटा आला होता, खोटं नाही सांगत.

आमची जागा मात्र मी नाही शोधली. एका रँचवाल्या काकांच्या कुरणात आदल्या वर्षी टीमला शेपटीचे मणके सापडले होते, एडमॉन्टोसॉरसचे. हा बदकासारख्या चपट्या तोंडाचा, झाडपाला खाणारा डायनोसॉर, पूर्ण वाढला की अकरा-बारा मीटर लांब. टी-रेक्ससारखं नाव नाही बिचाऱ्याचं, पण या भागात सापडतो भरपूर.

आईला फोनवर हे सांगितलं तेव्हा तिने पहिला प्रश्न विचारला तो अगदी मुद्द्याचा. म्हणे, "काऊन वं, मंग ते हाड सापडलं त कोनाचं म्हनाचं? ज्याचं वावर त्याचं का सरकारचं?" अमेरिकेत याचं उत्तर जमिनीवर अवलंबून आहे. केंद्र सरकारची जमीन असेल तर परवाना असल्याशिवाय असल्या हाडाला हात लावता येत नाही, त्यासाठी २००९ चा कायदा आहे. खाजगी जमीन असेल तर ज्याचं वावर त्याचं. मोंटानात तर यावर मोठा खटला झाला, जमिनीवरचा मालक वेगळा आणि खालच्या खनिजांचा हक्क दुसऱ्याकडे, मग जीवाश्म खनिज की जमिनीचा भाग? २०२० मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की खनिज नाही. आता यात पैसा किती आहे बघा, स्यू नावाचा टी-रेक्स १९९७ मध्ये ८३ लाख ६० हजार डॉलरला गेला आणि स्टॅन नावाचा २०२० मध्ये ३ कोटी १८ लाखांना. स्यू म्युझियमने घेतला, शिकागोत कोणीही जाऊन बघू शकतं. पण लिलावात गेलेलं हाड एखाद्याच्या दिवाणखान्यात जाऊन बसलं की त्याचा अभ्यास संपला, आणि मला हे मनापासून वाईट वाटतं. आमच्या रँचवाल्या काकांनी विकायचा विचार न करता दानपत्रावर सही केली. "माझ्या नातवंडांना शाळेच्या ट्रिपला बघता आलं पाहिजे" एवढंच म्हणाले.

खणणं सुरू झालं ते कुदळ-फावड्याने. हाडाच्या वर दीड-दोन मीटर माती-खडक होता, तो काढण्यात तीन दिवस गेले, चाळीस डिग्रीत, आणि रोज सकाळी खड्ड्यात रॅटलस्नेक तर नाही ना हे बघून मगच उतरायचं. हाडाच्या वर वीतभर राहिलं की कुदळ बंद. मग पुढचं सगळं आरी, म्हणजे चांभाराकडे असते तसली टोकदार, दाताच्या डॉक्टरची हत्यारं, ऑइस्टर उघडायचा बोथट चाकू आणि पेंटचे ब्रश. हाड दगड झालंय म्हणून टणक असेल असं मला वाटलं होतं. अजिबात नाही हो. चहात बुडवलेलं पारले-जी जसं हातात येता येता तुटतं तसं असतं ते, कोट्यवधी वर्षं दबून हजार भेगा पडलेल्या असतात आणि आजूबाजूच्या मातीनेच त्याला धरून ठेवलेलं असतं. माती काढली की धरणारं कोणी नाही. म्हणून जसजसं उघडं पडेल तसतसं त्यावर पातळ गोंद सोडायचा, अॅसिटोनमध्ये विरघळवलेलं पॅरालॉइड बी-७२. हाच गोंद का तर पन्नास वर्षांनी कोणाला वाटलं की आपण चुकीचं चिकटवलंय तर अॅसिटोन लावून तो परत काढता येतो. हे तत्त्व मला फार आवडलं. आपण केलेलं पुढच्याला उलटवता आलं पाहिजे.

आणि मग नकाशा. खड्ड्यावर दोऱ्यांनी एक-एक मीटरचे चौकोन आखायचे, प्रत्येक हाड कुठल्या चौकोनात, किती खोल, कुठल्या दिशेला तोंड करून, कोणत्या बाजूला कललेलं, हे ग्राफ पेपरवर काढायचं, फोटोत स्केल आणि उत्तरेचा बाण ठेवायचा, नंबर द्यायचा. मग हाड हलवायचं. आमच्या टीम लीडर बाई, साठीच्या पुढच्या, दर वेळी एकच वाक्य म्हणायच्या की उत्तर कुठे ते आधी लिही, मग बाकीचं. मला पहिल्या वर्षी हे सरकारी फॉर्म भरण्यासारखं कंटाळवाणं वाटायचं, आपण हाड काढायला आलोय की कारकुनी करायला असं व्हायचं.

याच मुक्कामात एका रात्री जेवताना टीममधल्या पीएचडी करणाऱ्या मुलाने मला विचारलं की तू भारतात कुठली. नागपूरच्या खाली असं सांगितलं, इथे त्याहून जास्त कोणाला कळत नाही. तो म्हणाला खाली म्हणजे कुठे? म्हटलं वरोरा. तर तो ताट खाली ठेवून म्हणाला, पिसदुराजवळ? मी गप्पच. पिसदुरा आमच्या तालुक्यातलं गाव, एसटीच्या बोर्डवर वाचलेलं, आणि मोंटानाच्या माळावर हा मुलगा त्याचं नाव घेतोय. मग त्याने सांगितलं ते ऐकत बसले. पिसदुऱ्याच्या शेतांमध्ये डायनोसॉरचं शेण दगड होऊन पडलंय, कॉप्रोलाइट म्हणतात त्याला, आणि नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावाचं हिस्लॉप कॉलेज, त्यांनी एकोणिसाव्या शतकातच तिथले जीवाश्म गोळा केले होते. २००५ मध्ये त्या शेणात गवताचे अगदी सूक्ष्म कण सापडले, गवताच्या पेशीत सिलिकाचे दाणे असतात ना ते. तोवर सगळे धरून चालले होते की डायनोसॉर संपल्यावर गवत आलं. पिसदुऱ्याने दाखवलं की गवत तेव्हाच होतं, त्यात भाताच्या कुळातलंसुद्धा. आणि जवळच्या डोंगरगावला लांब मानेच्या डायनोसॉरचा सांगाडा मिळाला, आज त्याला आयसीसॉरस म्हणतात, ते आयएसआय म्हणजे कोलकात्याची इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट, तिथल्या लोकांनी तो काढला म्हणून. मी त्या रस्त्याने आनंदवनला सहलीला गेलेय, मामाकडे गेलेय, आणि मला यातलं काहीही माहिती नव्हतं. शाळेत कोणी सांगितलं नाही. त्या रात्री तंबूत झोप लागली नाही मला.

दुसऱ्या दिवशी त्याने टेकडीवर नेऊन एक थर दाखवला, कोळशाच्या काळ्या पट्ट्याखाली जेमतेम बोटभर जाडीचा. याच्या खाली डायनोसॉर आहेत, वर एकही नाही. उल्का पडल्याची माती ती, इरिडियमवाली, म्हणजे जमिनीवर दुर्मीळ पण उल्केत भरपूर असणाऱ्या धातूची. आणि त्याच काळात आपल्याकडे लाव्हा वाहत होता ज्याचा सह्याद्री झाला, पिसदुऱ्याचा थर त्या लाव्ह्याच्या खालचा. म्हणजे जगाच्या दोन टोकांना एकाच गोष्टीची शेवटची पानं, मी एकाच्या गावात जन्मले आणि दुसऱ्यावर हात ठेवून उभी होते.

आता चूक सांगते. हाड बाहेर काढायची पद्धत अशी की त्याच्या चारी बाजूंनी चर खणायचा, मग हाड मातीच्या एका ओट्यावर राहतं. ओटा खालून कोरत आणायचा, कुत्र्याच्या छत्रीसारखा, वर डोकं रुंद आणि खाली देठ. हाडाला प्लास्टर चिकटू नये म्हणून आधी ओला टॉयलेट पेपर थापायचा, अगदी दाबून, भेगांमध्ये बसेल असा. मग तरटाच्या पट्ट्या प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये बुडवून वरून गुंडाळायच्या, तेच पीओपी ज्याचे गणपती बनतात. मोठं हाड असेल तर आत लाकडाच्या पट्ट्या, मोडलेल्या हाताला देतात तशा. वाळलं की देठ तोडायचं आणि सगळ्यांनी मिळून एक-दोन-तीन म्हणत एका झटक्यात उलटं करायचं, मग खालची बाजू बंद. याला जॅकेट म्हणतात. प्लास्टर ओलं असतानाच किंवा वाळल्यावर लगेच त्यावर मार्करने नंबर, वरची बाजू आणि उत्तरेचा बाण काढायचा असतो.

दुसऱ्या वर्षी, २०१९ मध्ये, मला एक पूर्ण जॅकेट एकटीला करायला दिलं, नडगीचं मोठं हाड, टिबिया, जवळजवळ मीटरभर. पश्चिमेकडून ढग येत होते. त्या भागातल्या मातीत बेंटोनाइट नावाची चिकणमाती असते, पाऊस पडला की तिचा असा चिखल होतो की गाडी तर सोडाच माणूस उभा राहू शकत नाही, गम्बो म्हणतात तिथले लोक, आणि मग दोन दोन दिवस अडकून पडायचं. म्हणून सगळे घाई करत होते. मी प्लास्टर केलं, छान केलं, वाळलं, देठ तोडलं, उलटं केलं, खालून बंद केलं, तेव्हा पहिला थेंब पडला. ताडपत्री टाकून पळालो. रात्री वहीत लिहायला बसले तेव्हा लक्षात आलं की जॅकेटवर नंबर आहे, बाण नाही. नकाशावर तो चौकोन मी रिकामा ठेवला होता, जॅकेट झाल्यावर काढू म्हणून. फोटो काढले होते पण त्यात बाणाची पट्टी ठेवली नव्हती आणि सगळे अगदी जवळून, मागचा खड्डा दिसतच नाही. पाऊस दीड दिवस पडला. परत गेलो तेव्हा हाडाखालची माती वाहून सपाट झाली होती, त्याचा ठसासुद्धा राहिला नव्हता. मी लीडर बाईंना सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, वहीत त्या नंबरसमोर "दिशा माहीत नाही" असं लिहिलं आणि मला सही करायला लावली, तारखेसकट. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

एक-दोन जॅकेट उचलून नेता आली, पण कमरेचा भाग एका ब्लॉकमध्ये होता तो आठ माणसांनाही हलेना, माती-दगडाचं वजन घनमीटरला दोन टनाच्या वर असतं. शेवटी रँचवाल्या काकांनी ट्रॅक्टर आणला, लाकडी घसरगाडीवर बांधून तासाला एक किलोमीटर अशा वेगाने तो वर काढला, आणि मी पूर्ण रस्ता बाजूने चालले हात ठेवून, जणू माझ्या हात ठेवण्याने काही होणार होतं.

फिल्ड संपलं की लोकांना वाटतं झालं काम. लॅबमध्ये पहिल्याच दिवशी आम्हाला सांगितलं होतं की एक दिवस फिल्डचा तर दहा दिवस लॅबचे, आणि ते कमीच सांगितलं होतं. जॅकेट उघडायचं ते हाडाच्या डॉक्टरकडे प्लास्टर कापायची करवत असते तिने. आत पुन्हा तीच माती, आता वाळून घट्ट झालेली. एअर स्क्राइब नावाचं पेनासारखं हत्यार असतं, हवेच्या दाबाने त्याची सुई सेकंदाला शेकडो वेळा थरथरते आणि खडकाचे कण उडवते. डोळ्यावर चष्मा, कानावर मफ, तोंडावर मास्क, समोर मायक्रोस्कोप. शनिवारी सहा तास बसून कधी कधी माझ्या तळहाताएवढी जागासुद्धा साफ व्हायची नाही. पण मला हे काम खड्ड्यापेक्षाही आवडलं, हे आधी कोणी सांगितलं असतं तर पटलं नसतं. सुईखाली खडक सुटतो आणि हाडाची खरी कातडी दिसते, चॉकलेटी, तुकतुकीत, त्यावर रक्तवाहिन्यांच्या बारीक रेषा, आणि तुम्ही पहिले असता ती बघणारे.

पाठीच्या मणक्यांवर वाळल्या शेवयांसारख्या काड्या आडव्या-तिरप्या विणलेल्या मिळाल्या. मी त्या मुळं समजून काढायला निघाले होते, शेजारच्या टेबलवरच्या आजोबांनी हात धरला. ते स्नायूंना हाडाशी जोडणारे दोर, म्हणजे टेंडन, होते जे त्या प्राण्याच्या जिवंतपणीच हाड झाले होते, पाठ आणि शेपूट ताठ ठेवायला. २०२० मध्ये कोविडमुळे लॅब काही महिने बंद झाली तेव्हा मला सगळ्यात जास्त काळजी त्या काड्यांची होती, अर्धवट साफ करून वाळूच्या पिशव्यांवर ठेवून आलो होतो.

सगळं साफ होऊन मांडलं तेव्हा कळलं की अर्ध्याहून थोडा जास्त सांगाडा आहे. डावा दंड नाही, उजवा आहे. मानेचे मणके अर्धे नाहीत. डोक्याचे फक्त जबड्याचे तुकडे, पण त्यात दात एकावर एक रचलेले, विटांच्या भिंतीसारखे, शेकडो, झिजले की खालून नवा वर यायचा. जे नाही ते बनवायचं. उजव्या दंडाचं थ्री-डी स्कॅन करून कॉम्प्युटरवर आरशासारखं उलटवलं की डावा मिळतो, तो प्रिंट करायचा. बाकीचं दुसऱ्या म्युझियममधल्या त्याच आकाराच्या एडमॉन्टोसॉरसच्या हाडांचे साचे मागवून, सिलिकॉन रबरच्या साच्यात रेझिन ओतून.

इथे रंगावरून लॅबमध्ये बराच वाद झाला. काही जणांचं म्हणणं की बनवलेली हाडं हुबेहूब खऱ्यासारखी रंगवावी, लोकांना एकसंध दिसेल. मी आणि ते आजोबा विरुद्ध बाजूला होतो. माझं स्पष्ट मत आहे की बघणाऱ्याला खरं कुठलं आणि केलेलं कुठलं हे कळलंच पाहिजे, नाहीतर आपण त्याला फसवतोय. याला इतिहास आहे. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमध्ये १९०५ मध्ये जगातला पहिला ट्रायसेराटॉप्स उभा केला, तो कित्येक वेगवेगळ्या प्राण्यांची हाडं मिळून होता, डोकं शरीराच्या मानाने लहान, आणि मागची पावलं तर चक्क बदकतोंड्या डायनोसॉरची लावलेली. पिढ्यान् पिढ्या लोक तोच ट्रायसेराटॉप्स म्हणून बघत होते, २००१ मध्ये स्कॅनिंग करून तो नव्याने उभारला गेला. शेवटी आमच्याकडे ठरलं की बनवलेली हाडं एक छटा फिकी ठेवायची, दहा फुटांवरून एकसारखी दिसतील पण जवळ गेलं की फरक कळेल, आणि समोर पाटीवर सांगाड्याचं चित्र, खरी हाडं त्यात रंगवलेली.

उभारणीच्या वेळी मला वेल्डिंग येत नाही म्हणून धरायचं काम. पण काय शिकायला मिळालं! जुन्या काळी हाडातून सरळ भोक पाडून लोखंडी सळई घालायचे, वरून प्लास्टर, मग ते हाड अभ्यासाला पुन्हा कधीच मोकळं होत नसे. आता एकाही खऱ्या हाडाला भोक नाही. एक लोहारकाम करणारा कलाकार होता, त्याने प्रत्येक हाडासाठी पोलादाच्या पट्टीची स्वतंत्र खोबण बनवली, सोनार हिऱ्याला कोंदण करतो तशी. पट्टी तापवायची, वाकवायची, थंड करायची, हाडाच्या साच्यावर लावून बघायची, परत तापवायची. एका मांडीच्या हाडाला दोन दिवस लागले. आत मऊ फोम, वरून हाडाच्या रंगाचा रंग, आणि एक बोल्ट सोडला की हाड हातात येतं.

आधी कमर, चेन पुलीने वर टांगून. मग मागचे पाय, मग पाठ. दोन मणक्यांमध्ये जिवंतपणी कूर्चा असते, ती काही जीवाश्म होत नाही, म्हणून तिच्या जागी फोमच्या चकत्या घातल्या नाहीतर प्राणी अर्ध्या मीटरने आखूड झाला असता. शेपूट जमिनीला समांतर, हवेत. जुन्या चित्रांमध्ये हे प्राणी कांगारूसारखे शेपटीवर टेकून उभे असतात, पण त्या शेवयांसारख्या काड्या असताना शेपूट तशी वाकवायची तर त्या मोडाव्या लागतील, आणि पावलांचे ठसे जिथे मिळाले आहेत तिथे शेपूट घासल्याच्या खुणा सहसा नसतात. ज्या काड्या मी मुळं म्हणून उपटणार होते त्यांच्यामुळे पूर्ण सांगाड्याची ठेवण ठरली. सगळ्यात अवघड गेला खांदा. फरा, म्हणजे खांद्याचं पातं, पाठीच्या कण्याला कुठेच जोडलेला नसतो, नुसत्या स्नायूंवर असतो, त्यामुळे तो चार बोटं वर की खाली यावर तीन संध्याकाळी गेल्या. आणि काही बरगड्या दबून चपट्या झालेल्या, त्यांना कितीही फिरवलं तरी डावी-उजवी जोडी जुळत नव्हती, तशाच लावल्या, सरळ करायला गेलो नाही.

उद्घाटनाच्या आधी तो पीएचडीवाला मुलगा आला, आता तो डॉक्टर झालाय. त्याने खड्ड्याच्या नकाशावरून लांब हाडांच्या दिशा मोजल्या होत्या. वाहत्या पाण्यात लांब हाडं प्रवाहाप्रमाणे फिरून पडतात, त्यामुळे नदी कुठून कुठे वाहत होती आणि प्राणी वाहून आला की जिथे मेला तिथेच पुरला गेला याचा अंदाज बांधता येतो. त्याने तक्ता दाखवला. सगळी लांब हाडं होती. माझी नडगी नव्हती. तळाला बारीक अक्षरात एक ओळ, हा नमुना दिशेच्या नोंदीअभावी वगळला. ते हाड आज हॉलमध्ये डाव्या पायात आहे, माझ्या हाताने साफ झालेलं, अख्खं, सुंदर, शाळेची मुलं त्याच्यासमोर उभी राहून फोटो काढतात. मी जाते तेव्हा माझी नजर आधी तिथेच जाते.

गेल्या डिसेंबरात घरी गेले तेव्हा दोन गोष्टी ठरवून केल्या. एक, कोलकात्याला जाऊन आयएसआयच्या म्युझियममधला बारापासॉरस बघितला. आपल्या सिरोंच्याच्या दक्षिणेला, पोचमपल्लीजवळ मिळालेली हाडं ती, साधारण १९६० च्या आसपास काढलेली. रवींद्रनाथ टागोरांच्या जन्मशताब्दीच्या काळात काढली म्हणून टागोराय असं आडनाव दिलंय त्याला, आणि बारापा म्हणजे बंगालीत मोठा पाय. त्या मांडीच्या हाडासमोर उभी राहिले तर ते माझ्या उंचीचं. ज्यांनी आमच्याकडे होती त्यातली अर्धीही साधनं नसताना हे उभं केलं असेल त्यांना मी तिथेच मनोमन हात जोडले.

दुसरं, आईला घेऊन पिसदुऱ्याला गेले. तिचा गुडघा दुखतो तरी आली. तुरीचं वावर होतं, मालकाला विचारलं, तो म्हणाला जा बापा, बघा, दगडंच आहेत. बांधाच्या कडेला मुरमाड जमीन होती, पंधरा-वीस मिनिटं दोघी मान खाली घालून चाललो, आणि आईलाच दिसला. करड्या रंगाचा, लंबगोल, एका बाजूला मुडपलेला, मुठीएवढा. मी काही बोलायच्या आत तिने वाकून उचलला आणि पदराने पुसायला लागली. मी ओरडलेच, आई थांब, आहे तिथे ठेव, आधी फोटो काढू दे. ती दचकली. मग तिने त्या जागेकडे बघितलं, मातीत त्याचा खळगा उमटलेला होता, तो गोळा दोन्ही हातांनी धरून हळूच खळग्यावर आणला आणि तसाच धरून मला विचारलं, "याचं मुडपलेलं तोंड कोनीकडं होतं वं, तुरीकडं का रस्त्याकडं?"